पगार बावीस हजार आणि घर इंदूरला: पहिलं होम लोन काढताना काय आधी, काय नंतर

आपल्याकडे लोकं आधी घर बघतात. रविवारी गाडीवर बसून राऊकडे नाहीतर सुपर कॉरिडॉरकडे जातात, सॅम्पल फ्लॅट बघतात, बाल्कनीत उभं राहून फोटो काढतात, दलाल म्हणतो आजच बयाना दिला तर पन्नास हजार कमी करून देतो, आणि अकरा नाहीतर एकवीस हजार देऊन मोकळे होतात. मग सोमवारी बँकेत. मी पण हेच केलं होतं आणि एकवीस हजार घालवले, ते कसे ते पुढे येईलच. क्रम उलटा आहे हो. आधी स्वतःचे कागद, मग आकडा, मग घराचे कागद, आणि घराच्या प्रेमात पडायचं ते सगळ्यात शेवटी.

आमचं सांगते म्हणजे अंदाज येईल. मी लॅब टेक्निशियन, हातात २२ हजार येतात. नवऱ्याचं जेल रोडला मोबाइल रिपेअरिंगचं काउंटर आहे. रामबागेत दोन खोल्या, भाडं ७ हजार. घरात कोणी आधी लोन काढलेलं नाही, सासऱ्यांचं तर मत होतं की बँकेचं तोंड बघू नये. त्यामुळे सगळं ठेचा खाऊनच शिकले.

एक वर्ष आधी: पैसा खात्यात दिसू दे

नवरा महिन्याला वीसेक हजार कमवतो पण त्यातले निम्मे रोख यायचे आणि रोखच खर्च व्हायचे. बँकेच्या लेखी ते पैसे नाहीतच. बँक तुमच्या तोंडाकडे बघत नाही, सहा महिने ते वर्षभराचं स्टेटमेंट बघते. त्यामुळे धंदा असेल तर आजपासून रोख आली की आठवड्याला खात्यात भरा, क्यूआर कोड सासूबाईंच्या खात्याचा लावला असेल तर तो बदलून स्वतःच्या खात्याचा लावा (हसू नका, आमच्याकडे तसाच होता), गुमास्ता म्हणजे दुकानाचं लायसन्स काढा, उद्यम म्हणजे छोट्या धंद्याचं सरकारी रजिस्ट्रेशन करा, ते ऑनलाइन होतं आणि फुकट होतं, त्यासाठी कोणी हजार रुपये मागितले तर देऊ नका.

आणि आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्न, भरा. टॅक्स शून्य येत असला तरी भरा. धंदेवाल्यांना बँका साधारण दोन वर्षांचे रिटर्न मागतात, आणि दोन्ही रिटर्न एकाच महिन्यात भरलेले दिसले की समोरचा माणूस चष्मा वर करून बघतो. नोकरीवाल्यांचं सोपं असतं, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, पीएफ. पण पगार पाकिटात मिळत असेल तर मालकाला विनंती करून तो खात्यात घ्यायला लागा, त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

सिबिल

तुम्ही उधारी कशी फेडता त्याचा आकडा म्हणजे सिबिल स्कोअर. तो ३०० ते ९०० असतो, ७५० च्या वर असला की बँक नीट बोलते. स्कोअर काढणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. तो घ्या आणि नुसता आकडा बघू नका, एकेक ओळ वाचा.

माझ्या रिपोर्टमध्ये एक फोन निघाला. आत्तेभावाला नवीन फोन पाहिजे होता, त्याला लोन मिळेना, म्हणून माझ्या नावावर हप्त्यांनी घेतला. हप्ता १,४०० चा. तो बिचारा देत होता पण उशिरा देत होता, आणि तीनदा माझ्या खात्यात त्या तारखेला पैसेच नव्हते. तीन बाऊन्स. मला वाटलं दंड भरला, विषय संपला. रिपोर्टमध्ये त्या तीन महिन्यांचे उशिराचे दिवस लिहिलेले होते. स्कोअर ६८१. ते फोनचं लोन मी पूर्ण भरून बंद केलं, एनओसी (काही बाकी नाही असा कागद) घेतली आणि पुढे दहा महिने गप्प बसले, तेव्हा कुठे ७४० च्या पुढे गेला. घरचं माणूस आहे, नाही कसं म्हणायचं वगैरे ठीक आहे, पण लोन काढायचं मनात असेल तर त्या दोन वर्षांत कोणासाठी फोन नाही, गाडी नाही, गॅरंटर म्हणून सही नाही.

रिपोर्टमध्ये चूक असेल, म्हणजे भरलेलं लोन चालू दाखवत असेल किंवा भलत्याच माणसाचं कार्ड तुमच्या नावावर असेल, तर ऑनलाइन तक्रार टाका. ३० दिवसांत दुरुस्त व्हायला पाहिजे, नाही झालं तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे.

कधीच काही उधार घेतलेलं नसेल तर स्कोअर येतच नाही. लोकांना वाटतं हे चांगलं, पण बँकेला काही कळायला मार्गच नसतो. अशा वेळी १५-२० हजारांची एफडी करून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, महिन्याला किराणा नाहीतर पेट्रोल तेवढं त्यावर, आणि बिल पूर्ण भरायचं, मिनिमम ड्यू नाही. आणि एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते आणि हा माणूस पैशासाठी धावतोय असं दिसतं.

आता आकडा

साधारण हिशोब असा की घरात येणाऱ्या पैशाच्या ४०, फार तर ५० टक्क्यांपर्यंत सगळे हप्ते मिळून चालतात, त्यात गाडीचा, फोनचा सगळा आला. आमच्या दोघांचे खात्यात दिसणारे धरून ३४ हजार. म्हणजे १३-साडेतेरा हजार हप्ता बसतो असं बँकेचं मत. आमचं मत वेगळं होतं.

एक आकडा पाठ करून ठेवा. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं असतील तर एक लाखाला हप्ता साधारण ८६८ रुपये. १२ लाखांना १०,४१४. हेच ३० वर्षांचं केलं तर हप्ता ९,२२७ होतो, म्हणजे महिन्याला बाराशेच्या आसपास सुटतात आणि एजंट हेच गोड करून सांगतो. आता पूर्ण मुदतीचं व्याज काढा, २० वर्षांत जवळपास १३ लाख आणि ३० वर्षांत २१ लाखांच्या वर. बाराशे वाचवायला आठ लाख जास्त. हप्ता अगदीच झेपत नसेल तर लांब मुदत घ्या, पण निदान माहीत असून घ्या. आणि हे पण बघा की त्या १२ लाखांच्या पहिल्या हप्त्यात ८,५०० नुसतं व्याज असतं, मुद्दल १,९१४ रुपये. पहिली काही वर्षं स्टेटमेंट बघून रडू येतं, ते असंच असतं.

झेपतंय का ते बघायची आमची पद्धत अशी होती. होणारा हप्ता १०,४००, भाडं ७,०००, मधले ३,४०० दर महिन्याच्या ५ तारखेला आरडीत (बँकेच्या दरमहा ठेवीत) टाकायचे, वर्षभर. चौथ्या महिन्यात नणंदेचं लग्न आलं आणि आरडी चुकली, त्यावरून कळलं की १५ लाखांचं लोन आपल्याला बसलं तरी घ्यायचं नाही. बाराच घेतलं.

स्वतःचे किती लागतात (लोकं इथेच फसतात)

नियम असा की ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळू शकतात. मिळतीलच असं नाही, जुन्या घराला आणि छोट्या पगाराला ८० धरून चाला. आणि किंमत म्हणजे बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली किंवा सौद्याची, जी कमी ती. रजिस्ट्रीचा (खरेदीखत नोंदवण्याचा) खर्च त्यात धरत नाहीत, घर १० लाखांच्या आतलं असेल तरच बँक धरू शकते.

आणि मध्य प्रदेशात रजिस्ट्री महाग आहे. शहरात सगळं मिळून साधारण साडेबारा टक्के जातात. बाईच्या नावावर रजिस्ट्री केली तर रजिस्ट्रेशन फी ३ ऐवजी १ टक्का लागते म्हणजे साडेदहावर येतं. आमचं घर १६ लाखांचं, माझ्या नावावर घेतलं म्हणून २ लाखांच्या जागी १ लाख ६८ हजार लागले. ३२ हजार वाचले म्हटल्यावर सासऱ्यांचा नावाबद्दलचा आग्रह आपोआप मिटला. हे पैसे गाइडलाइन दर (सरकारने ठरवलेली किंमत) आणि सौद्याची किंमत यातल्या जास्तीच्या आकड्यावर लागतात.

बांधकाम चालू असलेल्या मल्टीत (फ्लॅटच्या इमारतीत) घेत असाल तर वर जीएसटी. ४५ लाखांच्या आत आणि आपल्या इंदूरसारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंत १ टक्का, त्यापुढे ५. कम्प्लिशन झालेल्या किंवा रिसेलच्या घराला जीएसटी नाही. शिवाय चालू बांधकामात तुमचं भाडंही चालू राहतं आणि जेवढं लोन सुटलं त्याचं व्याजही, दोन्हीकडून मार. म्हणून छोट्या पगाराला मी तरी तयार घरच सांगेन, जुनं असलं तरी.

मग प्रोसेसिंग फी, वकिलाची सर्च, व्हॅल्युएशन, शिफ्टिंग, लाइट मीटर. आमचे स्वतःचे एकूण सहा लाखांच्या आसपास गेले. अडीच साठवलेले, थोडे माझ्या पीएफमधून, घरासाठी पीएफ काढता येतो, आणि बाकी नवऱ्याच्या काकांनी बिनव्याजी दिले. डाऊन पेमेंटसाठी पर्सनल लोन अजिबात काढू नका, तो हप्ता पण मोजला जातो आणि होम लोनच कमी होतं.

विकणारा म्हणेल, रजिस्ट्री कमीची करू, बाकी रोख द्या. पगारदार माणसाला हे परवडतच नाही, कारण लोन रजिस्ट्रीच्या आकड्यावर मिळणार आणि रोख तुम्हाला खिशातून काढायची. कायदा आहेच, पण नुसता हिशोब केला तरी तोट्याचंच आहे.

सरकारची सबसिडी

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०, १ सप्टेंबर २०२४ पासून. त्यात व्याजाच्या सबसिडीचा भाग आहे. घरचं वर्षाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंतचं, लोन २५ लाखांपर्यंत, आणि नवरा, बायको किंवा लग्न न झालेली मुलं यांच्यापैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. सासऱ्यांच्या नावावर गावी घर आहे म्हणून घाबरू नका, लग्न झालेल्या मुलाचं कुटुंब वेगळं धरतात. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, आणि जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात, पण एकदम नाही, पाच वर्षांत पाच हप्त्यांनी लोनच्या खात्यात. त्यामुळे हे पैसे धरून हप्ता ठरवू नका, आले तर मुद्दल कमी झालं म्हणायचं. अर्ज ऑनलाइन होतो, पण लोन देणारी बँक या योजनेत आहे का ते फाइल देतानाच विचारा.

टॅक्स वाचतो म्हणून लोन घ्या असं कोणी सांगितलं तर हसून सोडा, आपल्या पगाराला टॅक्स लागतोय कुठे.

बँक की हाउसिंग फायनान्स

आधी सरकारी बँक, विशेषतः जिथे पगार येतो ती. व्याज कमी, चकरा जास्त. उत्पन्नाचे कागद अगदीच कच्चे असतील तर हाउसिंग फायनान्स कंपन्या घरी येऊन, दुकान बघून, बाजूच्या चहावाल्याला विचारून लोन देतात, पण व्याज दोन-चार टक्के जास्त असतं. वाईट नाही ते, ठेल्यावाल्याला दुसरं कोण देणार. दोन वर्षं हप्ते नीट भरून मग बँकेत ट्रान्सफर करता येतं.

कुठेही गेलात तरी सही करायच्या आधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं सक्तीचं आहे, त्यात व्याज, फी, इन्शुरन्स सगळं धरून वर्षाचा खरा दर एका जागी लिहिलेला असतो. दोन ठिकाणचे हे कागद शेजारी ठेवले की कोण स्वस्त ते एजंटाला विचारायची गरज नाही. व्याज फ्लोटिंग, म्हणजे बदलतं, घ्या, बँकांचं ते बहुतेक रिझर्व्ह बँकेच्या रेपो रेटला जोडलेलं असतं, आणि फ्लोटिंग होम लोन आधी फेडलं तर दंड नाही.

इन्शुरन्सबद्दल एक. मला ४६ हजारांची एकरकमी पॉलिसी लोनमध्येच घालून दिली होती आणि कंपल्सरी आहे म्हणाले. तसं नाहीये. मी लिहून द्या म्हटलं की कंपल्सरी आहे, तर पुढच्या प्रिंटमध्ये ती ओळ गायब. साधा टर्म प्लॅन मात्र दोघांचा काढला, तो घ्याच.

आणि ते एकवीस हजार

एरोड्रम रोडच्या पुढे एका कॉलनीत ९ लाखांत रो-हाऊस मिळत होतं. रस्ता होता, लाइट होती, शेजारी लोक राहत होते, दारात तुळस. बयाना दिला. बँकेत फाइल ठेवली तर साहेबांनी दुसरं पान उलटलं आणि फाइल परत सरकवली, "मॅडम, ये तो नोटरी पे है।" म्हणजे मागच्या माणसाने घर नोटरीच्या कागदावर घेतलेलं, रजिस्ट्रीच नाही, खाली जमीन अजून शेतीची. अशा घराला बँक हात लावत नाही, कारण मालकी कागदावर कोणाचीच नाही. बयाना परत मागितला तर उद्या देतो, उद्या देतो, मग फोन उचलणं बंद.

तर घराचे कागद असे मागा. विकणाऱ्याच्या नावाची रजिस्ट्री आणि तिच्या मागची साखळी, नामांतरण (निगमच्या दप्तरात मालकाचं नाव बदलणं) झालेलं, नगर निगमच्या संपत्ती कराची पावती. जमिनीचं डायवर्जन, म्हणजे शेतीची जमीन राहण्यासाठी बदलल्याचा कागद. कॉलनीचा टाउन अँड कंट्री प्लॅनिंगचा नकाशा आणि विकासाची परवानगी, घराचा पास झालेला नकाशा, आणि बांधलेलं घर त्या नकाशासारखं आहे का. प्लॉट असेल तर तो बंधक (गहाण) तर नाही हे विचारा, कॉलोनाइजर (कॉलनी उभी करणारा) कामं पूर्ण होईपर्यंत काही प्लॉट सरकारकडे बंधक ठेवतो, आणि नेमके तेच स्वस्तात सांगितले जातात. नवीन प्रोजेक्ट असेल तर रेराचा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर मध्य प्रदेश रेराच्या साइटवर टाकून बघा, आणि करार रजिस्टर झाल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही हे लक्षात ठेवा.

सोपी युक्ती म्हणजे बयाना देण्याआधी झेरॉक्स घेऊन बँकेच्या पॅनलच्या वकिलाकडे जा. दोन-तीन हजार घेतात. किंवा त्याच मल्टीत अजून कोणाचं त्या बँकेचं लोन चालू आहे का ते विचारा, असेल तर निम्मं काम झालं. बयाना द्यायचाच तर चेकने, आणि कागदावर एक ओळ लिहून घ्या की कागदांच्या कारणाने लोन नामंजूर झालं तर रक्कम परत. जो ही ओळ लिहायला तयार नाही त्याच्या घराला काहीतरी आहे.

फाइल ते रजिस्ट्री

हे पटकन होतं. आधार, पॅन, स्टेटमेंट, स्लिप, आयटीआर, घराचे कागद. ज्यांचं नाव घरावर ते सगळे सहसा लोनमध्ये लागतात, मी मुख्य, नवरा को-अप्लिकंट. ऑफिसात फोन येतो, घरी माणूस येतो. सँक्शन लेटर आलं की त्याची मुदत बघा, मग रजिस्ट्रीची तारीख. ती सर्व्हिस प्रोव्हायडर (रजिस्ट्रीचं काम करणारा परवानाधारक) करून देतो, आता संपदा २.० या सरकारी साइटवर. मसुद्यात नावाचं स्पेलिंग, फ्लॅट नंबर आणि चौहद्दी (चारही बाजूंना काय आहे ते) स्वतः वाचा, आमच्यात पूर्वेचा जिना पश्चिमेला गेला होता. बँकेचा चेक विकणाऱ्याच्या नावाने निघतो आणि ओरिजिनल रजिस्ट्री बँकेत जमा होते. काय काय जमा केलं त्याची सही-शिक्क्याची यादी घ्या आणि जपा, कारण लोन संपल्यावर ३० दिवसांत सगळे कागद परत करायचे असतात, बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये तिने तुम्हाला द्यायचे.

नंतरचं लोकं विसरतात. नगर निगममध्ये नामांतरण करून घ्या आणि लाइटचं कनेक्शन नावावर करा.

हप्त्याची तारीख पगारानंतर चार दिवसांची घ्या, आणि खात्यात एक जास्तीचा हप्ता कायम पडून राहू दे. व्याज वाढलं तर बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात आणि आपल्याला कळत नाही. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायचा पर्याय त्यांना द्यावा लागतो, तर मेसेज आला की जाऊन विचारा. आम्ही दर दिवाळीला एक हप्ता जास्त भरतो, हिशोबाने तेवढ्यावर तीन-सव्वातीन वर्षं कमी होतात. फक्त भरताना अर्जावर लिहून द्या की मुद्दलात जमा करा आणि मुदत कमी करा. मागच्या वर्षी मी लिहिलं नाही, तर दहा हजार पुढच्या महिन्याचा हप्ता म्हणून धरले गेले आणि ते उलटं करायला मला तीनदा सुट्टी टाकावी लागली.